दोन मार्चचा पेपर

मित्रांनो, एका वाक्यात उत्तर द्या. गुण १.

२ मार्चला काय झालं?

तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. २ मार्च १९३०, नाशिक, काळाराम मंदिराचा सत्याग्रह. बाबासाहेब, दादासाहेब गायकवाड आणि देवाचे बंद दरवाजे. शाळेच्या पुस्तकात हे एखाद्या ओळीत येऊन जातं. आपल्याला ते शिकवलं वस्तीनं, जयंतीच्या मंडपानं, गायनपार्टीनं. म्हणून आपण ते विसरत नाही.

बरोबर. एक गुण घ्या. आता दुसरा प्रश्न. त्याच तारखेला, तेरा वर्षांनी, तळोद्यात काय झालं?

इथं सगळ्यांची पेनं थांबतात. माझंही थांबलं होतं. आणि मी तळोद्याचा आहे.

२ मार्च १९४३. तळोदा तालुक्यातलं रावलापाणी. संत रामदास महाराजांबरोबर जमलेल्या आदिवासींवर इंग्रज सरकारच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या. माणसं पडली. त्यांचा गुन्हा काय होता? रामदास महाराजांचे भाऊ संत गुलाम महाराज. याच तालुक्यातल्या मोरवड-रंजनपूरचे. १९३० नंतरच्या त्या वर्षांत त्यांनी आपल्या माणसांना सांगितलं, दारू सोडा, स्वच्छ राहा, आणि एकमेकांना 'आप' म्हणा. ज्याला सावकार, पाटील, फौजदार, जंगलखात्याचा गार्ड, सगळे अरे-तुरे करत, तो माणूस शेजाऱ्याला 'आप' म्हणायला लागला. आरतीला हजारोंनी माणसं जमायला लागली. १९३८ साली गुलाम महाराज गेले, भावानं काम पुढं चालवलं. सरकारला एवढं पुरतं. माणसं जमतात, शुद्धीवर असतात आणि एकमेकांना मान देतात, याच्याहून मोठं बंड कोणतं असतं?

आता तिसरा २ मार्च. साल २०२३. रावलापाणीला त्या दिवशी ऐंशी वर्षं झाली, आणि त्याच दिवशी महाराष्ट्रभर दहावीची परीक्षा सुरू झाली. तळोद्याची पोरंही हॉलतिकीट घेऊन बाकावर बसली. त्यात रावलापाणीच्या आसपासच्या पाड्यांवरची पोरंही होती. पहिला पेपर भाषेचा. इतिहासाचा नंतर. तळोद्याच्या पोराला तळोद्याचा २ मार्च त्यात कोण विचारणार होतं?

मी चिडून लिहितोय, पण रडगाणं गायला बसलेलो नाही. मला बोलायचंय दहावीच्या इतिहासाच्या पेपराबद्दल. त्याची उजळणी कशी करायची, तो सोडवायचा कसा, आणि हे काम आपलं का आहे. काही जण म्हणतील, मोर्चा-आंदोलनाच्या गोष्टीत हा क्लासवाल्यांचा विषय कुठून घुसला? त्यांनी थोडा दम धरावा.

आधी माझी फजिती सांगतो. मी दहावीला इतिहास-भूगोलात गेलो. नापास. अभ्यास केला नव्हता असं नाही. पुस्तक पाठ होतं. रात्री एसटी स्टँडच्या दिव्याखाली बसून पाठ केलं होतं. पेपर हातात आला तेव्हा वाटलं, सगळं येतंय. 'पुढीलपैकी कोणत्याही दोन प्रश्नांची उत्तरे लिहा' असं छापलं होतं. खाली चार प्रश्न. मला चारही येत होते. मी चारही लिहिले. पानंच्या पानं. चारातल्या दोनांचेच गुण मिळतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला वाटलं, जास्त लिहिलं की तपासणारा खूश होईल. मालकाकडं जास्त राबलं की मालक खूश होईल असं वाटतं ना, तसंच. शेवटी नागरिकशास्त्राला हात लावला आणि घंटा झाली. मधे पुरवणी संपली होती, ती मागायलाही लाज वाटली होती. पर्यवेक्षकाकडं हात वर करून काही मागायचं असतं, ही सवयच अंगात नव्हती.

पुढं शहरात आलो तेव्हा एका कारकुनाच्या पोराबरोबर खोलीत राहिलो. त्याला इतिहास माझ्या निम्म्यानंही येत नव्हता. पण त्याच्या बापानं त्याला आठवीपासून सांगून ठेवलं होतं : किती गुणांना किती ओळी, कोणता प्रश्न आधी घ्यायचा, मुद्द्याखाली रेघ कशी मारायची, आलं नाही तरी रिकामं का सोडायचं नाही. हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. हे त्याच्या घरात जेवता जेवता बोललं जात होतं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. च्यायला, आपण समजत होतो की हुशारी ही त्यांची मालमत्ता आहे. हुशारी कसली? पेपरची चावी त्यांची मालमत्ता आहे. वाड्यातल्या विहिरीसारखी ती पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या घरात राहते, आणि बाहेर उभ्या असलेल्या पोराला ते म्हणतात, तुझी गुणवत्ताच नाही.

म्हणून पहिलं काम हे की ती चावी चव्हाट्यावर आणायची. वस्तीत, वसतिगृहात, आश्रमशाळेत, पाड्यावर. फुकट आणि मोठ्यानं.

तर घ्या. अलीकडच्या वर्षांत दहावीचा इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर ४० गुणांचा निघतो. वेळ दोन तास. २८ गुण इतिहासाचे, १२ राज्यशास्त्राचे. आता रोजंदारीचा हिशेब करतो तसा हिशेब करा. १२० मिनिटं, ४० गुण. एका गुणाला तीन मिनिटं. पण तीन धरायची नाहीत, अडीच धरायची. म्हणजे शंभर मिनिटांत पेपर संपतो आणि वीस मिनिटं हातात राहतात, तपासायला आणि राहिलेलं भरायला. दोन गुणांची टीप म्हणजे पाच मिनिटं. तीन गुणांचं सविस्तर उत्तर म्हणजे साडेसात. घड्याळ नसेल तर शेजारच्याचं मागू नका, हॉलमधली घंटा मोजा.

राज्यशास्त्राचे १२ गुण पेपराच्या शेपटीला असतात. माझ्यासारखी पोरं तिथंच मरतात. ज्याचा हात सावकाश चालतो त्यानं ते १२ आधी घ्यावेत. प्रश्नाचा क्रमांक समासात नीट घाला, मग कोणताही प्रश्न आधी लिहा. बैठक क्रमांक अंकात आणि अक्षरात लिहायचा, तो घरीच दहा वेळा लिहून बघा. 'कोणतेही दोन' असेल तर आधी दोनच लिहा, नीट लिहा. वेळ उरला तर तिसरा, नाहीतर नाही. पर्यायाच्या प्रश्नात चुकलं म्हणून गुण कापत नाहीत, तेव्हा रिकामी जागा ठेवणं हा गुन्हा आहे. उताऱ्याचा प्रश्न ४ गुणांचा. आधी खालचे प्रश्न वाचा, मग उतारा वाचा. बहुतेक उत्तर त्याच उताऱ्यात बसलेलं असतं, ते शोधून काढायचं. ज्याला जंगलात हरवलेली शेळी शोधता येते त्याला हे अवघड नाही.

आता खरी अडचण ऐका. ती भाषेची आहे.

जानेवारीत सुटी काढून मी तळोद्याला जातो. वसतिगृहातली दहा-बारा पोरं-पोरी रात्री जमतात. मागं एक पोरगी होती, वरच्या पाड्यावरची. तोंडी विचारलं की फाडफाड बोलायची. कागदावर शून्य. तिची वही बघितली. 'पुढील विधान सकारण स्पष्ट करा' या प्रश्नात तिनं तेच विधान शब्द फिरवून दोनदा लिहिलं होतं. मी विचारलं, असं का? ती म्हणाली, "भाऊ, सकारण म्हंजे काय?"

दहावीपर्यंत आलेली पोरगी. दहा वर्षांत तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. घरी भिल्ली, बाजारात अहिराणी, शाळेत मराठी, आणि पेपरात ही चौथीच भाषा. मी म्हणालो, बरं, मला सांग, तुझी आई दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला का जाते? तिनं एका दमात सांगितलं. शेत कोरडं आहे, पावसाळ्यानंतर त्यात काही होत नाही. गावात काम नाही. आणि मुकादमाची उचल घेतलीय, ती फेडायची आहे. मी म्हणालो, झालं. ही तीन कारणं. यालाच सकारण म्हणतात. यातली दोन लिहिलीस की दोन गुण.

ती हसली. मग तिनं पुस्तकातली सात-आठ विधानं घेऊन स्वतःच कारणं पाडली.

या पोरांना इतिहास कळत नाही, हे साफ खोटं आहे. घर सोडून माणसं का जातात, कर्ज कसं चढतं, जमीन कुणाच्या नावावर कशी होते, हे त्यांना आपल्यातल्या पदवीधरांपेक्षा जास्त कळतं. त्यांना कळत नाही ती बोर्डाची क्रियापदं. म्हणून उजळणीच्या पहिल्या दिवशी पुस्तक उघडायचंच नाही. प्रश्नपत्रिकेचे शब्द फळ्यावर लिहायचे. 'टीप लिहा' म्हणजे काय : कोण, कधी, कुठं, काय केलं, त्यानं काय बदललं. 'सकारण' म्हणजे का. 'थोडक्यात' म्हणजे मुद्द्याचं तेवढंच. 'संकल्पनाचित्र' म्हणजे चौकोन-गोलात भरायचे शब्द. 'संकल्पना स्पष्ट करा' म्हणजे आधी अर्थ, मग एक उदाहरण. एका रात्रीचं काम आहे.

मग उत्तर आधी आपल्या बोलीत सांगायचं. मोठ्यानं, उभं राहून. शेजारच्यानं ते ऐकून पुस्तकी मराठीत लिहायचं. मग पुस्तक बंद करून पुन्हा आठवायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, आठवड्यानं पुन्हा. नुसतं डोळ्यांखालून पान फिरवणं म्हणजे उजळणी नाही. डोळे फसवतात, बंद पुस्तक फसवत नाही. शेवटच्या पंधरा दिवसांत जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायच्या. आणि पेपरच्या आदल्या रात्री झोपायचं. बाबासाहेबांच्या अभ्यासाची गोष्ट सगळे सांगतात, परळच्या चाळीतल्या एका खोलीत पहाटे दोनला उठून वाचायचे. पण त्या गोष्टीतला बाप आपण विसरतो. रामजी सुभेदार स्वतः रात्री जागे राहायचे आणि वेळ झाली की पोराला उठवायचे. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून पोरगा मॅट्रिक झाला त्यात त्या जागरणाचाही वाटा होता. ज्या पोरांचे आई-बाप ऊसतोडीच्या फडात आहेत, त्यांना कोण उठवणार? हा प्रश्न मी तुम्हाला विचारतोय.

परीक्षा कधी येते तेही बघा. दिवाळीनंतर टोळ्या जातात, बरीच पोरं आई-बापांबरोबर जातात, धाकट्याला सांभाळायला. ती परत येतात तोवर निम्मं पुस्तक शिकवून झालेलं असतं. आणि होळी. सातपुड्याची दिवाळी म्हणजे होळी. भोंगऱ्या बाजार भरतो, काठीला रात्रभर ढोल वाजतो. २०२३ साली बोर्डाचे पेपर चालू असतानाच होळी आली होती. पुण्यातल्या माणसाला होळी म्हणजे एका दिवसाची सुटी. डोंगरातल्या पोराला तो अख्खा आठवडा आहे, त्याचं वर्ष तिथून सुरू होतं. वेळापत्रक करणाऱ्याच्या डोक्यात कुणाचं घर असतं ते यावरून ओळखा.

आता कॉपीवर बोलू. परीक्षा आली की काही केंद्रांच्या खिडक्यांखाली माणसं उभी राहतात, चिठ्ठ्या आत जातात, हे आपल्याला माहीत आहे. आपलेही काही भाऊ त्यात असतात आणि म्हणतात, गरिबाचं पोर पास होतंय, तुमचं काय जातं? जातं, भाऊ. सगळंच जातं. चिठ्ठी ज्याचा मामा खिडकीखाली उभा आहे त्याला मिळते. ऊसतोडीला गेलेल्या बापाच्या पोराला मिळत नाही. म्हणजे कॉपीतही वतनदारी आहेच. आणि मिळाली तरी काय? दाखला हातात येतो, पण अकरावीत गेल्यावर दोन ओळींचा अर्ज लिहिता येत नाही. मग तेच लोक म्हणायला मोकळे, बघा, आरक्षणवाले. ज्यांना आपण शिकायला नको आहोत त्यांना कॉपीचा काहीच त्रास नसतो.

आता पुस्तकावर येतो. 'राज्याचा इतिहास' म्हणून आपण काय शिकलो? चौथीला शिवाजी महाराज, सातवीला मराठ्यांची सत्ता, आठवीला इंग्रजी अंमल, स्वातंत्र्यलढा आणि शेवटी १ मे १९६०. ते पाठ असलंच पाहिजे. शिवाजी महाराज कुणाच्या बापाचे नाहीत, १८६९ साली जोतीरावांनी पवाडा लिहून रयतेचा राजा रयतेच्या हातात दिला होता. १९४२ चा शिरीषकुमारही आपला आहे. ९ सप्टेंबर १९४२, नंदुरबारच्या रस्त्यावर झेंडा घेऊन निघालेली शाळकरी पोरं गोळीला बळी पडली. त्यांना सलामच. मी एवढंच म्हणतो की त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, तापी ओलांडून एसटीनं तासाभरात पोचावं इतक्या अंतरावर, त्याच सरकारच्या पोलिसांनी रावलापाणीला माणसं मारली. आम्ही शिकलो त्या पुस्तकांत एक होतं, दुसरं नव्हतं. का? सकारण स्पष्ट करा.

दहावीचं जे पुस्तक २०१८ साली आलं, त्यात गंमत आहे. त्यात लढाया कमी आणि इतिहास लिहितात कसा यावर जास्त. इतिहासलेखनाची परंपरा, कला, प्रसारमाध्यमं, खेळ, पर्यटन, ठेव्यांचं जतन. आणि दुसऱ्या पाठात एक मथळा आहे : वंचितांचा इतिहास. तिथं जोतीरावांची 'गुलामगिरी' आहे, बाबासाहेबांचं लेखन आहे. बघा, आपण पुस्तकात आलो! कसे आलो? टीप म्हणून. गुण २. अडीचच्या हिशेबानं मिनिटं ५.

काही जण यावर नुसते कुत्सित हसतील. मी हसत नाही. ती फट आहे. ज्यांनी ती फट पाडून घेतली त्यांनी पन्नास वर्षं डोकं फोडलंय. आता त्या फटीत पाचर मारायचं काम आपलं. पोरांना सांगायचं, ही टीप आधी बोर्डाला हवी तशी लिहा, त्याचे दोन गुण खिशात घाला. आणि जिथं 'उदाहरण द्या', 'तुमचे मत लिहा' असं येईल तिथं पुस्तकातल्या ओळीनंतर आपली ओळ घाला. आदिवासी चळवळीवर विचारलं तर छापील नावांनंतर १८५८ चा अंबापाणीचा खाज्या नाईक लिहा, १९४३ चं रावलापाणी लिहा, शहाद्याचे अंबरसिंग महाराज आणि १९७२ ची श्रमिक संघटना लिहा. आधी त्यांचं, मग आपलं. क्रम उलटा केला तर गुण जातील, आणि गुण घालवायची चैन आपल्याला परवडत नाही.

शिवाय यानं पाठही लवकर होतं. वसतिगृहाच्या भिंतीवर आम्ही खडूनं एक लांब रेघ मारतो. वर राज्याच्या तारखा, खाली आपल्या. वर १८१८, पेशवाई गेली. खाली १८२५, इंग्रजांनी खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली, भिल्लावर भिल्लच घातला. वर १८४८, पुण्यात फुल्यांची मुलींची शाळा. खाली १८५५, त्याच शाळांत शिकलेली मुक्ता, मांगाची पोर, तिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. वर १९४२, खाली १९४३. वर १ मे १९६०, महाराष्ट्र राज्य झालं. खाली तीच तारीख : पश्चिम खानदेशातली काही गावं गुजरातेत गेली, नकाशावरची एक रेघ सोयऱ्याधायऱ्यांच्या मधून गेली. वर धरणं, वीज, प्रगती. खाली सरदार सरोवर, महाराष्ट्रातली ३३ गावं, आणि बुडालेल्या माणसांसाठी तोडलेलं तळोद्याचं जंगल. खालची तारीख पोराला घरातून माहीत असते किंवा घरी विचारून येते. मग वरची तिला लटकून आपोआप लक्षात राहते. अनोळखी तारीख ओळखीच्या खुंटीला टांगली की पडत नाही.

आणि आठवी-नववीच्या पोरांना आम्ही एक घरचा अभ्यास देतो. पुस्तकात 'मौखिक साधने' शिकवतात ना? मग जा, आजीला, आजोबाला विचार. रावलापाणीला आपल्या कुळातलं कुणी गेलं होतं का? मोरवडच्या आरतीला कोण जायचं? वस्तीतल्या पोरांनी विचारायचं, पहिल्यांदा मेलेलं ढोर ओढायला नाही कोण म्हणालं? जे सांगतील ते तारीख घालून वहीत लिहा. बोर्ड याला गुण देत नाही. पण ज्या पोरीनं एकदा आपल्या आजीचं बोलणं साधन म्हणून वहीत उतरवलं, तिला 'इतिहासाची साधने' या पाठाची घोकंपट्टी करावी लागत नाही. ती स्वतःच इतिहासकार झालेली असते. मुक्ता साळवेनं दुसरं काय केलं होतं? मास्तरांनी शिकवलेल्या अक्षरांत तिनं मास्तरांनाही माहीत नसलेलं आपल्या घरचं दुःख लिहिलं.

आता शहरातल्या मित्रांशी दोन शब्द. मागं एका बैठकीत मी हे मांडलं तेव्हा आपलाच एक जण उसळून म्हणाला, "हा पेपरच ब्राह्मणी आहे. फाडून टाका. पोरांना या सापळ्यात कशाला ढकलता?" टाळ्या पडल्या. मी त्याला विचारलं, दादा, तू एम.ए. कधी झालास? पेपर फाडायची भाषा एम.ए.च्या दाखल्यावर बसून करता येते. दहावी नापास पोरानं पेपर फाडला तर त्याला कोयता हातात घ्यावा लागतो. १८८२ साली हंटर कमिशनपुढं जोतीरावांनी हिशेब मांडला होता, शेतकऱ्याच्या घामाचा पैसा सरकार वरच्यांच्या शिक्षणावर उधळतं. त्यांनी शाळा जाळा म्हटलं नाही. आमच्या पोरांपर्यंत आणा म्हटलं. दार बंद असलं तर ते उघडावं म्हणून उभं राहायचं, ही काळारामाची शिकवण आहे. आत गेल्यावर त्या देवाला हात जोडायचा की पाठ फिरवायची, हे आपण ठरवू. बाबासाहेबांनी पाच वर्षांनी येवल्यात ठरवलंच की.

दुसरा एक जण हळूच म्हणाला, ही आदिवासी पोरं, आपला प्रश्न वेगळा. १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यात दलित म्हणजे कोण, ते पुन्हा वाच बाबा. त्यात अनुसूचित जमाती आहेत, भूमिहीन आहेत, स्त्रिया आहेत. आपण भाषणात ते म्हणतो आणि तळोद्याची गाडी पकडायची वेळ आली की पोट दुखतं.

तर माझं म्हणणं एवढंच. पुढच्या जानेवारीत प्रत्येकानं आठ दिवस काढावेत. तळोद्यालाच या असं नाही. तुमच्या गावाला जा, तालुक्याच्या समाजकल्याणच्या वसतिगृहात जा, आश्रमशाळेत जा, नाहीतर तुमच्याच झोपडपट्टीतल्या बुद्धविहारात बसा. बरोबर पाच वर्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिका, खडू आणि एक घड्याळ न्या. भाषण नेऊ नका. पहिल्या रात्री क्रियापदं, दुसऱ्या रात्री गुणांचा हिशेब, तिसऱ्या रात्री भिंतीवरची रेघ, पुढं रोज एक पेपर घड्याळ लावून. पोरांनी पुरवणी मागायची प्रॅक्टिससुद्धा करायची. उभं राहून, हात वर करून, मोठ्यानं : सर, पुरवणी द्या. हसू नका. मला ते एक वाक्य वेळेवर म्हणता आलं असतं तर माझं एक वर्ष वाचलं असतं.

ती सकारणवाली पोरगी पास झाली. सामाजिक शास्त्रांत ६१. निकालाच्या दिवशी तिनं दुकानातून फोन केला. गुण सांगितले, आणि मग म्हणाली, "भाऊ, आजीला विचारलं मी. तिच्या बापाला छर्रा लागेल व्हता रावलापाणीले."

मी विचारलं, लिहून ठेवलंस का?

"हां," ती म्हणाली, "तारीख घालून."